न सांगता येणारे दुखणे

मागील लेखात आपण आम्लपित्ताची माहिती घेतली. आजच्या लेखाची सुरुवातही आम्लपित्तानेच होणार आहे, पण विषय वेगळा आहे. काही वाचकांना तो रुचणार नाही याची मला कल्पना आहे. तरीही लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे. ज्या मुलांविषयी मी लिहीत आहे, ती परगावची नाहीत. ती आपल्याच आळीत, आपल्याच घरात वाढत आहेत.

गेल्या पावसाळ्यात आयटीआयमध्ये शिकणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. छातीत जळजळ आणि भूक नाही, अशी त्याची तक्रार होती. मी गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी तो डोके दुखते म्हणून आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी झोप येत नाही म्हणून आला. रक्त, लघवी, रक्तदाब, सारे काही ठीक होते. तिसऱ्या वेळी औषधाची चिठ्ठी घेऊन तो उठला, दारापर्यंत गेला आणि चप्पल घालता घालता थांबला.

"डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. पण जाऊ द्या."

जवळजवळ तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एक गोष्ट शिकलो आहे. पेशंट खुर्चीवर बसून सांगतो तो पुष्कळदा निमित्ताचा आजार असतो आणि चप्पल घालताना सांगतो तो खरा. मी त्याला परत बोलावले आणि कंपाउंडरला दार लोटून घ्यायला सांगितले. बराच वेळ मुलगा काहीच बोलला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "मला मुली आवडत नाहीत. मुलगेच आवडतात. आठवीपासून असंच आहे. यावर एखादं इंजेक्शन असेल तर द्या. नाहीतर जगण्यात काही अर्थ नाही."

हा आजार आहे का?

त्या मुलाला जे सांगितले तेच येथे सांगतो. नाही, हा आजार नाही. बहुतेक माणसांना भिन्न लिंगाच्या व्यक्तीचे आकर्षण वाटते, काहींना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीचे वाटते आणि काहींना दोन्हींचे. याला लैंगिक कल म्हणतात. तो साधारणपणे वयात येताना आपला आपल्याला उमगतो. तो निवडता येत नाही आणि औषधाने बदलताही येत नाही. दुसरी गोष्ट आहे लिंगभावाची. मुलाचे शरीर घेऊन जन्मलेल्या एखाद्याला आपण मुलगी आहोत असे आतून वाटते किंवा मुलीचे शरीर असलेल्या एखादीला आपण मुलगा आहोत असे वाटते. अशा व्यक्तींना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. या सर्वांना मिळून वर्तमानपत्रांत 'एलजीबीटी' असा शब्द वापरला जातो. कल आणि लिंगभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

वैद्यकशास्त्राला हे कळायलाही वेळ लागला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने तसा निर्णय १७ मे १९९० रोजी घेतला. पारलिंगी असणे हेही त्या संघटनेच्या नव्या वर्गीकरणात मनोविकारांच्या प्रकरणात राहिलेले नाही. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला.

परंतु आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा हा विषय न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात 'अनैसर्गिक गुन्हे' या मथळ्याखाली येई. परीक्षेपुरते पाठ करायचे, वर्गात हसायचे आणि विसरायचे, एवढेच आमचे शिक्षण. पुस्तकांतील असा अवमानकारक मजकूर दुरुस्त करण्याची सूचना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली. म्हणजे आज गावोगाव बसलेले माझ्या वयाचे डॉक्टर हे जुन्या पुस्तकांचेच विद्यार्थी आहेत.

माझीच एक चूक

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. ओळखीच्या एका गृहस्थांचा तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. त्याचे लग्न ठरले होते. त्याने धीर करून मला सगळे सांगितले आणि विचारले, "लग्नाला नाही म्हणू का?" मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "अरे, हे सगळे मनाचे खेळ. लग्न झालं की आपोआप ताळ्यावर येशील." बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन दिले, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्या मते प्रश्न सुटला.

तीन वर्षांनी त्याची पत्नी दवाखान्यात आली. डोकेदुखी, झोप नाही, वजन उतरलेले. तपासणीत काही सापडेना. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्यात काय कमी आहे ते तरी सांगा. हे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत." मला कारण माहीत होते. पण ते दुसऱ्या पेशंटचे गुपित होते, ते मी फोडू शकत नव्हतो. मी तिलाही ताकदीच्या गोळ्याच लिहून दिल्या. माझ्या एका वाक्याने दोन आयुष्ये नासली. त्या बाईंचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. लग्न हे औषध नाही आणि कोणाच्या मुलीला औषधाची बाटली समजणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मग आजार कोठून येतात?

वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, हा आजार नाही तर आरोग्याच्या सदरात कशाला? याचे उत्तर असे की, कल हा आजार नसला तरी तो लपवण्याचा ताण आजार निर्माण करतो. आपले बोलणे, चालणे, हसणे कोणाच्या लक्षात येईल का, या धास्तीत दिवसाचे चोवीस तास राहणाऱ्या मुलाचे शरीर सतत संकटाच्या तयारीत असते. ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात. झोप उडते, जळजळ होते, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मग तंबाखू, दारू जवळची वाटू लागते. इलान मेयर या अमेरिकी अभ्यासकाने २००३ साली याची मांडणी केली. बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या असणाऱ्या माणसाला सर्वांच्या वाट्याला येणारा ताण तर असतोच, शिवाय तुच्छतेचा आणि लपवाछपवीचा एक जादा ताण असतो, असे ते म्हणतात. नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतात, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे.

आता यातील सर्वात महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २१ ते २५ वर्षे वयाच्या अशा २२४ तरुण-तरुणींचा अभ्यास करण्यात आला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना घरच्यांनी फार झिडकारले होते, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न करण्याचे प्रमाण, घरच्यांनी फारसे न झिडकारलेल्या मुलांच्या तुलनेत आठ पटींहून अधिक होते. तीव्र नैराश्याचे प्रमाण जवळजवळ सहा पट होते. दोन्ही गटांतील मुले सारखीच होती. फरक होता तो त्यांच्या घरांत.

दवाखान्याचा उंबरठा

आजारी पडणे हे अर्धे दुखणे, उपचार न मिळणे हे उरलेले अर्धे.

काही वर्षांपूर्वी एक तृतीयपंथी तरुणी माझ्या दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली बसलेली मला खिडकीतून दिसली. आत बाकावर जागा होती. पण ती बसली की शेजारची माणसे उठतात, म्हणून सगळे पेशंट संपेपर्यंत ती बाहेर थांबली होती. खोकला तीन महिन्यांपासूनचा. आधी का आली नाहीस असे विचारल्यावर म्हणाली, "एका दवाखान्यात गेले होते डॉक्टर. तिथं मला बायकांच्या रांगेतूनही काढलं आणि पुरुषांच्या रांगेतूनही." तो क्षय होता. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी, हे मी याच सदरात किती वेळा लिहिले आहे! ते तिला ठाऊक होते. अज्ञानामुळे नव्हे, अपमानाच्या भीतीने तीन महिने गेले.

मुलींची अडचण आणखी वेगळी. आमच्याकडे स्त्रीरोगाच्या तपासणीत पहिला प्रश्न असतो, "लग्न झालंय का?" या एका प्रश्नात आम्ही सगळे काही विचारल्याचे समाधान मानतो. जिला मुलींचेच आकर्षण वाटते, ती "नाही" म्हणते आणि पुढचे सारे दार बंद होते. अशा स्त्रियांनाही जंतुसंसर्ग होऊ शकतो, गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो, त्यांनीही त्याची तपासणी करून घ्यावी, हे त्यांना कोणी सांगत नाही. लग्नाला नकार देते म्हणून अशा मुलीला बाहेरची बाधा झाली असे ठरवून देवऋषाकडे नेल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत.

पारलिंगी मुले-मुली शरमेपोटी डॉक्टर टाळतात आणि मेडिकलमधून स्वतःच संप्रेरके आणतात. शरीर मुलीसारखे व्हावे म्हणून संततिनियमनाच्या गोळ्या दिवसाला चार-चार घेणारी मुले असतात. यातून पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. छाती सपाट दिसावी म्हणून काही मुलगे इलॅस्टिक बँडेज दिवसरात्र आवळून बांधतात. त्याने कातडी सोलते, बरगड्या दुखतात, श्वास पुरा घेता येत नाही. संप्रेरकांचे उपचार आहेत, पण ते रक्ततपासण्या करून, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात.

एचआयव्ही आणि गुप्तरोग

येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत आणि तृतीयपंथीयांत मात्र २०२१ च्या सरकारी पाहणीत ते तीन टक्क्यांच्या वर आढळले. याचा अर्थ समलिंगी असण्याने एड्स होतो असा नव्हे. विषाणू माणसाचा कल पाहत नाही. गुदद्वाराचे अस्तर नाजूक असते, ते सहज फाटते आणि विषाणूला वाट मिळते. त्यात सगळे चोरून, घाईत, अंधारात. निरोध जवळ नाही, माहिती तर नाहीच. पुढे फोड आला, पाणी येऊ लागले, तरी दाखवायचे कोणाला?

म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. निरोध प्रत्येक वेळी वापरावा. त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नये, त्याने रबर कमकुवत होऊन फाटते. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरावी.

२. धोक्याचा संबंध घडला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. २८ दिवसांच्या औषधांनी एचआयव्ही टाळता येण्याची बरीच शक्यता असते. जितके लवकर, तितके चांगले.

३. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्यानुसार तपासणीसाठी तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

४. उपदंश वेळीच सापडला तर पेनिसिलिनने बरा होतो. कावीळ 'ब'ची लस घेतली नसेल तर घ्यावी.

५. एचआयव्ही आढळला तरी धीर सोडू नये. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी राहिला, तर संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही आणि आयुष्य इतरांसारखे जगता येते.

'बरे करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

कोणी पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने देतो, कोणी विजेचे झटके, कोणी संमोहन, कोणी अंगारा. संप्रेरकाच्या इंजेक्शनाने फार तर वासना वाढेल, तिची दिशा बदलत नाही. झटक्यांनी आणि धाकाने मुले अधिक खचतात. असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तेव्हा हजारो रुपयांची पावती फाडण्यापूर्वी आईवडिलांनी विचार करावा.

आईवडिलांसाठी

मुलगा किंवा मुलगी तुमच्यापाशी बोलली, तर आधी एवढेच करावे. ओरडू नये, रडून शपथा घालू नयेत, मोबाईल काढून घेऊ नये, घाईने स्थळे पाहू नयेत. ज्याने तुम्हाला सांगितले, त्याने किती रात्री जागून ते सांगितले असेल याचा विचार करावा. "तू आमचाच आहेस, सावकाश बोलू," एवढे वाक्य त्या रात्रीपुरते पुरे. समजून घ्यायला तुम्हाला महिने लागतील, त्यात कमीपणा नाही. संस्कारांत काही चुकले का, असे पालक नेहमी विचारतात. नाही चुकले. हे संस्काराने येत नाही आणि संस्काराने जातही नाही.

मूल अबोल झाले, जेवण सोडले, आवडत्या वस्तू वाटू लागले, "मी नसलो तर बरे" असे बोलू लागले, तर वाट पाहू नये. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मन मोकळे होते. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, मराठीतही. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तेथे समुपदेशक भेटतात. अठरा वर्षांखालील मुलावर कोणी जबरदस्ती करत असेल किंवा त्याला धमकावत असेल, तर १०९८ वर कळवावे. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

हे वर्तमानपत्रात कशाला?

असे विचारणारी पत्रे येतील. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते उत्तरे देत. समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही त्यांत असत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला. पण रोगाचे आणि शरीराचे प्रश्न मराठीत, उजेडात विचारता आले पाहिजेत, हा मुद्दा आजही खरा आहे.

मी माझ्या दवाखान्यात तीन साधे बदल केले आहेत. तरुण पेशंट कोणीही असो, पाच मिनिटे त्याच्याशी एकट्याने बोलतो, बरोबरच्या माणसांना बाहेर बसवतो. "लग्न झालंय का?" याऐवजी "कोणाशी संबंध आहेत का, असल्यास पुरुषाशी की स्त्रीशी?" असे सर्वांना सारख्याच स्वरात विचारतो. आणि कोणाच्या चालण्या-बोलण्यावरून बाकावर हशा पिकला, तर कंपाउंडर हसणाऱ्याला बाहेर थांबायला सांगतो. याला खर्च काहीच आला नाही. माझ्या डॉक्टर मित्रांनीही करून पाहावे.

त्या आयटीआयच्या मुलाला इंजेक्शन दिले नाही. तो त्याच्या मोठ्या बहिणीवर विश्वास ठेवत होता, म्हणून त्याच्या संमतीने तिला बोलावून घेतले. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी नैराश्यावर औषधे सुरू केली, कलावर नव्हे. आईवडिलांना अजून सांगितलेले नाही. ते केव्हा सांगायचे, हे तोच ठरवील. मागच्या महिन्यात तो येऊन गेला. वजन दोन किलोंनी वाढले आहे. आम्लपित्ताची गोळी बंद केली आहे. जाताना चप्पल घालून सरळ निघून गेला, दारात थांबला नाही.

पुढील आठवड्यात : मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी?